जनुके तीच, दूध वेगळे : जनावरांचा आहार आणि जनुकांची सक्रियता

नवी दिल्ली : महाराष्ट्रातील वाशीम येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'गौचिप' आणि 'महिषचिप' या जनुकीय चिपचे लोकार्पण झाले. गाई-म्हशींच्या डीएनएतील ठरावीक खुणा वाचून चांगल्या वंशाचे जनावर वासराच्या वयातच ओळखता यावे, हा त्यामागील उद्देश आहे. जनावराला आईबापाकडून कोणता जनुकीय वारसा मिळाला, हे अशी चिप सांगते. त्या वारशातील कोणती जनुके आज, या घडीला काम करीत आहेत आणि कोणती स्वस्थ बसली आहेत, हे मात्र ती सांगू शकत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी गोठ्यातील गव्हाणीत दडलेले असते.

पशुपोषण आणि जनुकशास्त्र या दोन शाखा गेल्या पंचवीस वर्षांत एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या आहेत की, त्यांच्या संधीवर 'न्यूट्रिजेनॉमिक्स' अर्थात पोषण-जनुकशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखाच उभी राहिली. आहारातील घटक केवळ इंधन पुरवीत नाहीत. ते पेशींना संदेशही देतात आणि त्या संदेशानुसार जनुके कमी-अधिक वेगाने चालू लागतात, हे या शाखेचे मूळ प्रतिपादन आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याचे परिणाम गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ पैशांत मोजले जातात.

भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३.९३ कोटी टनांवर, तर दरडोई उपलब्धता दिवसाला ४७१ ग्रॅमवर पोहोचली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी आहेत. एवढ्या संख्येच्या मानाने प्रति जनावर दूध कमीच आहे, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी आजवर मुख्य भर राहिला तो कृत्रिम रेतन, संकर आणि आता लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा यांवर, म्हणजेच जनुके सुधारण्यावर. सुधारलेली जनुके चालण्यासाठी लागणारा आहार गोठ्यात आहे काय, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

जनुक असणे आणि जनुक चालणे

गाईच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ गटाने हेरफोर्ड जातीच्या एका गाईच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात सुमारे २२ हजार जनुके असल्याचे दिसून आले. कासेतील पेशी दूध बनविते, यकृतातील पेशी ग्लुकोज बनविते आणि कातडीतील पेशी यांपैकी काहीच करीत नाही, याचे कारण जनुके वेगळी असणे हे नव्हे. प्रत्येक ठिकाणी त्याच संचातील निरनिराळी जनुके चालू असतात, एवढेच. चालू असलेल्या जनुकाची नक्कल 'संदेशवाहक आरएनए'च्या रूपात निघते आणि तिच्या आधारे प्रथिन तयार होते. एखाद्या ऊतीत कोणत्या जनुकाच्या किती नकला आहेत हे मोजले की त्या जनुकाची सक्रियता कळते. पूर्वी त्यासाठी कासेचा सूक्ष्म तुकडा काढावा लागे. आता दुधातील पेशी व स्निग्ध गोलिकांसोबत बाहेर पडणाऱ्या आरएनएवरूनही बरेच काही कळू शकते.

जनुकाचा मजकूर आणि त्याची सक्रियता यांतील फरक समजून घेण्यास 'डीजीएटी-१' या जनुकाचे उदाहरण उपयोगी ठरते. दुधातील स्निग्धांश घडविण्याची शेवटची पायरी या जनुकाच्या प्रथिनावर अवलंबून असते. त्यातील २३२ व्या स्थानी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर दुधातील फॅटचे प्रमाण अधिक राहते. ॲलॅनिन असेल तर फॅट कमी, पण दूध काहीसे जास्त. हा शोध २००२ मध्ये युरोपीय गाईंच्या अभ्यासातून लागला. पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी भारतीय गाई व म्हशींच्या अनेक जाती तपासल्या, तेव्हा त्यांत सर्वत्र लायसिनचेच रूप आढळले. याचा अर्थ, दाट दुधाची ही जनुकीय देणगी आपल्या देशी जनावरांत आधीपासूनच आहे. तरीही त्याच जातीच्या, एकाच गावातील दोन जनावरांच्या फॅटमध्ये, किंबहुना एकाच जनावराच्या उन्हाळी आणि पावसाळी दुधात, लक्षणीय फरक पडतो. हा फरक मजकुराचा नसून त्या मजकुराच्या वापराचा आहे.

फॅट अचानक का घसरते?

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) यांवर ठरतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरला जातो आणि त्याखाली गेलेल्या प्रत्येक अंशामागे दर कापला जातो. दिवसाला दहा किलो दूध देणाऱ्या गाईचे फॅट ३.५ वरून २.८ वर आले, तर तेवढ्याच दुधातून रोज ७० ग्रॅम स्निग्धांश नाहीसा होतो. अशा वेळी पहिला संशय पाणी घातल्याचा घेतला जातो. वास्तविक पाणी मिसळले तर फॅटबरोबर एसएनएफही त्याच प्रमाणात उतरते. एसएनएफ जागच्या जागी आणि फॅट मात्र खाली, असे चित्र असेल तर चूक बहुधा खुराकात असते.

हे कोडे फार जुने आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८४५ मध्येच, गाईंना बीट चारल्यास दुधातील स्निग्धांश कमी होतो, अशी नोंद केली होती. त्यानंतर दीडशे वर्षे निरनिराळ्या उपपत्ती मांडल्या गेल्या. चारा कमी आणि धान्य जास्त झाले की कोठीपोटात ॲसेटिक आम्ल कमी तयार होते आणि कासेला फॅट बनविण्यासाठी कच्चा माल अपुरा पडतो, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय उपपत्ती. ती दिसायला तर्कशुद्ध होती. पण अशा गाईंना बाहेरून ॲसेटिक आम्ल पुरवूनही फॅट पूर्ववत होत नसे. म्हणजे कच्चा माल हजर असूनही कारखाना बंद होता.

उत्तर सापडले ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, डेल बाउमन यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी आधी कोठीपोटात काय घडते ते पाहावे लागेल. मका, सरकी, सोयाबीन यांतील तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. हे असंतृप्त मेदाम्ल कोठीपोटातील जिवाणूंना अपायकारक असल्याने ते त्याला हायड्रोजन जोडत जोडत संतृप्त करून टाकतात. हे काम एका ठरलेल्या वाटेने, दोन-तीन टप्प्यांत होते. जनावराच्या पोटात पुरेसा तंतुमय चारा असेल, रवंथ नीट होत असेल आणि लाळेतील क्षारांमुळे कोठीपोटाची आम्लता आटोक्यात असेल, तोवर ही वाट बदलत नाही. पण भरडा किंवा पीठ जास्त, वैरण कमी आणि तेलाचा अंश अधिक, असे झाले की आम्लता वाढते, जिवाणूंचे गणित बिघडते आणि लिनोलेइक आम्ल दुसऱ्याच आडवाटेने जाऊ लागते. त्या आडवाटेवर 'ट्रान्स-१०, सिस-१२' नावाचे एक मेदाम्ल तयार होते. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, परिणाम मात्र विलक्षण.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी हे मेदाम्ल शुद्ध स्वरूपात, कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात सोडले. मात्रा होती दिवसाला अवघी १० ग्रॅम. चार दिवसांत दुधातील स्निग्धांशाचे उत्पादन सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. दुधाचे प्रमाण आणि प्रथिने यांत फारसा फरक पडला नाही. त्याच मेदाम्लाचा जवळचा नातलग, ज्याच्या रेणूत केवळ दुहेरी बंधांच्या जागा निराळ्या आहेत, तेवढ्याच मात्रेत दिला असता काहीही झाले नाही. हा परिणाम पोषणाच्या कमतरतेचा असणे शक्यच नव्हते; दहा ग्रॅमच्या कमी-जास्तीने शेकडो ग्रॅम फॅट नाहीसे होत नाही. तो एका संदेशाचा परिणाम होता.

हा संदेश जनुकांपर्यंत कसा पोहोचतो, हे पुढील काही वर्षांत उलगडले. कासेच्या पेशींत 'एसआरईबीपी-१' नावाचे एक नियंत्रक प्रथिन असते. ते सक्रिय झाले की केंद्रकात जाऊन स्निग्धांश घडविणाऱ्या अनेक जनुकांना एकदम चालना देते. नवीन मेदाम्ले जोडणारी, रक्तातील मेद कासेत ओढून घेणारी आणि त्यांची बांधणी करणारी विकरे या जनुकांतून तयार होतात. 'ट्रान्स-१०, सिस-१२' मेदाम्लामुळे या नियंत्रकाचीच सक्रियता मंदावते आणि त्याच्या हाताखालील साऱ्या जनुकांच्या नकला एकाच वेळी घटतात. एकेक दिवा विझविण्याऐवजी मुख्य कळच खाली करावी, तसा हा प्रकार आहे.

ही कळ कायमची खाली जात नाही, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. आहार सुधारला, वैरणीचे प्रमाण वाढविले, भरडा एकदम न देता दिवसभरात विभागून दिला आणि तेलकट घटक आवरते घेतले, तर साधारण दोन ते तीन आठवड्यांत फॅट पूर्वपदावर येते. तेवढा धीर मात्र धरावा लागतो. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून पुन्हा खुराक बदलणारे अनेक जण ही दुरुस्ती स्वतःच लांबवितात. पावसाळ्याच्या आरंभी कोवळे, लुसलुशीत गवत पोटभर मिळू लागल्यावर दूध वाढते आणि फॅट उतरते, हा सार्वत्रिक अनुभवही याच साखळीत बसतो : कोवळ्या गवतात तंतू कमी आणि असंतृप्त मेदाम्ले अधिक असतात. सोबत थोडा कडबा दिल्यास फॅट सावरते, हे जुन्याजाणत्यांना जनुकांचे नावही ठाऊक नसताना माहीत होते.

येथे एक गंमत नोंदवावीशी आहे. तेलबियांचा आहार दिल्यावर गाईचे फॅट घसरते. शेळीचे मात्र सहसा घसरत नाही, उलट अनेकदा वाढते. रवंथ करणारी दोन्ही जनावरे, तरी एकाच आहाराला त्यांचा प्रतिसाद वेगळा. त्यामुळे परदेशी गाईंवरील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या म्हशींना लावणे किती सावधपणे करायला हवे, हेही यावरून ध्यानात यावे.

दुधाचे लिटर ठरवते ग्लुकोज

फॅटइतकी नाट्यमय नसली, तरी दुधाच्या एकूण प्रमाणाची कथा अधिक मूलभूत आहे. दुधात सर्वांत स्थिर घटक कोणता, तर दुग्धशर्करा अर्थात लॅक्टोज. गाईच्या दुधात तिचे प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास राहते आणि आहार कितीही बदलला तरी फारसे हलत नाही. याचे कारण असे की, कासेत जेवढी दुग्धशर्करा तयार होते तेवढ्या प्रमाणात पाणी तिच्यामागे ओढले जाते. शर्करा दुप्पट झाली तर पाणीही दुप्पट. टक्केवारी तीच, दूध मात्र दुप्पट. म्हणून दुग्धशर्करा किती बनते यावर दुधाचे लिटर ठरतात. आणि दुग्धशर्करा बनते ग्लुकोजपासून. एक किलो दुधामागे सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. पंधरा किलो दूध देणाऱ्या गाईला केवळ कासेसाठी रोज किलोभराहून अधिक ग्लुकोज हवे.

माणसाला ते भाकरी-भातातून थेट मिळते. गाईचे तसे नाही. तिने खाल्लेले बहुतेक पिष्ट व शर्करा कोठीपोटातील सूक्ष्मजीव आंबवून टाकतात आणि आतड्यापर्यंत फारच थोडे पोहोचते. आंबण्यातून निघालेल्या आम्लांपैकी प्रोपिओनिक आम्ल यकृतात जाते आणि तेथे त्यापासून ग्लुकोज घडविले जाते. अर्थात दुभती गाय आपले जवळजवळ सगळे ग्लुकोज यकृतात स्वतःच तयार करते.

या निर्मितीतील मोक्याच्या विकरांची जनुके आहाराप्रमाणे वेग बदलतात. प्रोपिओनिक आम्ल हा कच्चा माल तर आहेच, शिवाय ते यकृताच्या पेशींतील 'पीसीके-१' या जनुकाची सक्रियताही वाढविते. माल आला की तो स्वतःच कारखान्याची दारे उघडतो, अशी ही सोय. उलट, गाय नुकतीच व्यालेली असते तेव्हा भूक मंद आणि प्रोपिओनिक आम्ल कमी असते. त्या काळात पायरुव्हेट कार्बोक्सिलेज या दुसऱ्या विकराचे जनुक अनेक पटींनी सक्रिय होऊन अन्य पदार्थांपासून, प्रसंगी शरीरातील प्रथिने झिजवूनही, ग्लुकोज मिळविण्याची वाट खुली ठेवते. चांगल्या प्रतीचा मका-मुरघास किंवा योग्य प्रमाणातील धान्य दिल्याने दूध वाढते त्यामागे ही यंत्रणा आहे. प्रोपिओनिक आम्ल बनताना हायड्रोजन वापरला जात असल्याने मिथेन वायूही कमी सुटतो, हा त्यातील अनुषंगिक लाभ.

प्रथिनांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. दुधातील केसीन घडविण्यासाठी अमिनो आम्ले लागतात, हे उघड आहे. परंतु ती पेशीतील 'एमटॉर' नावाच्या यंत्रणेला जागेही करतात आणि तयार नकलांवरून प्रथिन बांधण्याचा वेग वाढवितात. येथे नियंत्रण जनुकाच्या नक्कलेपेक्षा त्या नक्कलेच्या वाचनावर अधिक आहे. मेथिओनिन आणि लायसिन ही दोन अमिनो आम्ले बहुधा कमी पडतात. पेंड नुसती वाढवून ही तूट भरतेच असे नाही, कारण तिचा मोठा भाग कोठीपोटातच विघटित होतो. कोठीपोट ओलांडून जाणाऱ्या 'बायपास' प्रथिनांची कल्पना त्यातूनच पुढे आली.

व्यायच्या आधीचे आणि नंतरचे तीन आठवडे

आहार आणि जनुके यांचा संबंध सर्वांत निकराचा होतो तो गाय विण्याच्या सुमारास. विण्यापूर्वीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे हा संक्रमणकाळ मानला जातो. या काळात दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागे राहते. तूट भरून काढण्यासाठी अंगावरची चरबी वितळते आणि तिचा लोंढा यकृताकडे जातो. ती जाळणाऱ्या जनुकांची सक्रियता वाढते. पण लोंढा पेलण्याच्या पलीकडे गेला की चरबी यकृतातच साचते आणि किटोसिस उद्भवतो. दुभत्या जनावरांतील हा एक नेहमीचा, पण बऱ्याचदा लक्षात न येणारा आजार. आटलेल्या गाईला गाभणपणाच्या अखेरीस वाजवीपेक्षा जास्त ऊर्जा देऊन गुबगुबीत केले तर हा धोका घटण्याऐवजी वाढतो, हे चरबीच्या ऊतींतील जनुकांच्या अभ्यासातूनही पुढे आले आहे. गाभण जनावराला शेवटी भरपूर खुराक घालण्याची हौस म्हणूनच आवरती घ्यावी लागते.

याच काळात यकृतातील आणखी एक कळ खाली होते. वाढीच्या संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीचे जनुक मंदावते आणि त्यामुळे 'आयजीएफ-१' या घटकाची पातळी उतरते. गाय पुरेसे खाऊ लागून इन्शुलिन वाढले की हे जनुक पुन्हा चालू होते. ते जितके उशिरा चालू होईल, तितकी अंडाशयाची जाग लांबते आणि माज उशिरा येतो. दोन वेतांतील अंतर वाढणे, हे भारतीय दुग्धव्यवसायाचे मोठे पण न दिसणारे नुकसान आहे. भाकड दिवसांचा खर्च कोणत्याही संकलन केंद्राच्या पावतीवर छापून येत नाही. वारंवार उलटणाऱ्या जनावरासाठी रेतनामागून रेतन करणाऱ्या पशुपालकाने आधी व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा आहार तपासावा, असे पशुपोषणतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

चिमूटभर घटक, मोठी कामे

काही पोषकद्रव्ये तर जनुकांशी थेटच बोलतात. 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनोइक आम्ल पेशीच्या केंद्रकातील ग्राहींना जोडले जाते आणि ते ग्राही डीएनएवर बसून जनुके चालू-बंद करतात. जनावराला हे जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून मिळते. म्हैस कॅरोटीनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर करते, म्हणून तिचे दूध व तूप पांढरे. गाय काही कॅरोटीन तसेच दुधात उतरू देते, म्हणून गाईचे तूप पिवळे. जस्त हा धातू डीएनएला चिकटणाऱ्या शेकडो नियंत्रक प्रथिनांच्या घडणीचा भाग आहे. सेलेनियम आणि तांबे पेशींचे रक्षण करणाऱ्या विकरांत असतात आणि त्यांची उणीव कासदाहाच्या वाढत्या धोक्यात दिसते.

ही खनिजे चाऱ्यात किती असतील हे जमिनीवर अवलंबून असते, त्यामुळे देशभर एकच खनिज मिश्रण पुरेसे ठरत नाही. प्रदेशनिहाय मिश्रणे त्यासाठीच तयार केली गेली. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाचे वाढे हाच अनेक गोठ्यांतला मुख्य चारा असतो. त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. हे ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि दुभत्या जनावराला नेमके तेच अधिक लागते.

उष्णतेचाही येथे उल्लेख हवा. उन्हाळ्यात जनावर कमी खाते म्हणून दूध घटते, असे मानले जाई. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात गारव्यात ठेवलेल्या गाईंना उष्णतेतल्या गाईंइतकाच मोजका आहार देऊन तुलना करण्यात आली, तेव्हा कमी खाण्यामुळे होणारी घट एकूण घटीच्या सुमारे एक तृतीयांश ते निम्मी असल्याचे दिसले. उरलेली घट उष्णतेने शरीराच्या चयापचयात घडविलेल्या बदलांमुळे होती. म्हणून उन्हाळ्यात केवळ खुराक वाढवून भागत नाही. सावली, पाणी आणि वारा यांचीही सोय करावी लागते.

वासराच्या वाटीतले उद्याचे दूध

आहाराच्या काही खुणा तात्पुरत्या नसतात, असा विचार आता बळावत आहे. डीएनएच्या मजकुराला हात न लावता त्यावर मिथाइल गटाच्या बारीक रासायनिक खुणा लावल्या जातात आणि त्या असतील तेथील जनुक सहसा शांत राहते. याला अधिजनुकीय नियमन म्हणतात. कासेच्या पेशीही या यंत्रणेचा वापर करतात : ई-कोलाय जिवाणूंमुळे तीव्र कासदाह झाला असता केसीनच्या एका जनुकाच्या नियंत्रण भागावर अशा खुणा वाढतात आणि ते जनुक बंद पडते, हे जर्मनीतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले. मिथाइल गट पुरविणारे मेथिओनिन आणि कोलीन आहारातूनच येतात. गाभण गाईंना कोठीपोटात सुरक्षित राहणारे मेथिओनिन दिल्यावर जन्मलेली वासरे वजनाने सरस असल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या कळपातील नोंदींवर आधारित २०१२ चा एक अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. दूध तोडण्यापूर्वीच्या काळात कालवडीची दैनंदिन वजनवाढ एक किलोने अधिक असेल, तर तिच्या पहिल्या वेतात सरासरी ८५० किलो दूध जास्त मिळाले, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात कोणतीही दोन वासरे दिवसाला एका किलोच्या फरकाने वाढत नाहीत. हे गणिती प्रमाण आहे आणि ते त्याच अर्थाने घ्यायला हवे. सर्वच अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, तसेच यामागे अधिजनुकीय खुणा किती आणि कासेच्या ऊतींची लवकर झालेली वाढ किती, याचा निवाडा झालेला नाही. तरीही चीक आणि दूध यांत वासराची, विशेषतः पारडीची, केलेली काटकसर तीन वर्षांनी चरवीत दिसते, एवढे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

देशातील प्रयत्न आणि बाजारातील दावे

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, १८ राज्यांत आहार संतुलन कार्यक्रम राबविला. गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती जनावराच्या कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, वजन, दूध आणि घरी उपलब्ध असलेला चारा यांची नोंद संगणकीय प्रणालीत करी आणि कमीत कमी खर्चाचा संतुलित आहार सुचवी. या कामातून पुढे आलेले वास्तव थोडे अनपेक्षित होते. जनावरे उपाशी असल्याचे चित्र सर्वत्र नव्हते. पुष्कळ ठिकाणी प्रथिने किंवा ऊर्जा गरजेपेक्षा जास्त आणि खनिजे मात्र कमी, असा असमतोल होता. तो दूर केल्यावर दूध व फॅट वाढले, प्रति किलो दुधाचा खर्च उतरला आणि मिथेनही घटला. पेंडीवरचा खर्च वाचवून दूध वाढते, यावर विश्वास बसायला पशुपालकांना वेळ लागला असल्यास नवल नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. झाशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या 'व्हिजन २०५०' या दस्तऐवजाने देशात हिरव्या चाऱ्याची ३५.६ टक्के, कोरड्या चाऱ्याची १०.९५ टक्के आणि खुराकाची ४४ टक्के तूट असल्याचे म्हटले होते. नंतरच्या अंदाजांत हे आकडे बदलले असले, तरी तूट आहे याबाबत दुमत नाही. चाराच नसेल तर संतुलनाची गणिते कागदावरच राहतात.

दुसरी अडचण दाव्यांची आहे. जनुकांचा उल्लेख आला की विक्रीला चमक येते. पण आहाराने जनावराची जनुके बदलत नाहीत. आहेत ती कमी-अधिक चालतात. अल्प दुधाच्या जनावराला कोणतेही पाकीट उच्च वंशाचे करू शकणार नाही, आणि महिन्याभरात 'जनुके सुधारण्याचे' आश्वासन देणाऱ्या कोणत्याही भुकटीला या शास्त्राचा आधार नाही. आधार आहे तो कुट्टी करून दिलेल्या पुरेशा वैरणीला, विभागून दिलेल्या खुराकाला, प्रदेशानुसार निवडलेल्या खनिज मिश्रणाला आणि वेळेवर पाजलेल्या चिकाला.

कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आणि बेंगळुरूची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था यांसारख्या संस्थांत देशी गाई व म्हशींचे पोषण आणि शरीरक्रिया यांवर संशोधन चालते. दरम्यान, परदेशांत एक सोपी वाट रूढ होत आहे. दुधातील साधारण निम्मे मेदाम्ल कासेतच नव्याने तयार होते आणि उरलेले रक्तातून येते. नव्याने तयार होणाऱ्या आखूड साखळीच्या मेदाम्लांचे प्रमाण घटले, तर कासेतील ती मुख्य कळ खाली जात आहे, असे ओळखता येते. अवरक्त किरणांवर चालणारी दूध विश्लेषक यंत्रे हे प्रमाण काही सेकंदांत सांगू शकतात, आणि अमेरिकेतील काही भागांत मोठ्या टाक्यांतील दुधाची अशी तपासणी नियमित होते. भारतातील गावपातळीवरील यंत्रे सहसा फॅट आणि एसएनएफ एवढेच छापतात. जिल्हा संघांच्या प्रयोगशाळांत अवरक्त यंत्रे आहेत, तेथे महिन्यातून एकदा जरी गावनिहाय नमुन्यांचे असे वाचन झाले, तर फॅट उतरलेल्या गावात पाणी शोधायचे की वैरण, हे पशुपालकाचा दर कापण्यापूर्वीच ठरविता येईल.